भूत कुठे उभं आहे?

तुमच्यापैकी काहींच्या घरी तेरा-चौदा वर्षांचं कुणीतरी पांघरुणात तोंड खुपसून भुताची कादंबरी वाचत असेल. आपण त्याला विचारतो, ‘भीती नाही का वाटत?’ त्याऐवजी एकदा ‘भूत कुठे उभं आहे?’ असं विचारून बघा. गोष्ट जुन्या शहरातली असेल, तर निम्मं रहस्य त्या जागेतच असतं.

स्कॉटलंडमधल्या एडिंबराचंच घ्या. तिथल्या हाय स्ट्रीटवरून उताराला लागणाऱ्या अरुंद बोळांना ‘क्लोज’ म्हणतात. त्यातला एक मेरी किंग्ज क्लोज. ही मेरी किंग सतराव्या शतकातली विधवा, कापडाचा व्यापार करणारी. बोळाला बाईचं नाव, हेच मुळात नवल. १७५३ साली तिथे रॉयल एक्स्चेंजची, म्हणजे व्यापाऱ्यांच्या व्यवहारांसाठीची, इमारत उभारायला घेतली, तेव्हा बोळातल्या घरांचे वरचे मजले उतरवले आणि खालचे पाया म्हणून तसेच ठेवले. आज वर महापालिकेचा कारभार चालतो आणि त्याच्या पोटात जुन्या खोल्या अंधारात आहेत. खिडकी आहे, पण खिडकीबाहेर आकाश नाही. कादंबरीकाराला आणखी काय हवं?

आता दंतकथा ऐका. १६४५ च्या प्लेगात म्हणे बोळातल्या आजाऱ्यांना आत ठेवून वाटा चिणून टाकल्या. तसं झालेलं नाही. आजाऱ्यांना घरात कोंडत, हे खरं, पण त्यांना खाणंपिणं पोचवलं जाई. जो बंदिस्तपणा बघून आपल्या अंगावर काटा येतो, तो प्लेगनंतर शंभरेक वर्षांनी आला! म्हणजे कोंडलेली जागा आधी डोळ्यांना दिसली आणि कोंडलेली माणसं मागाहून तिच्यात नेऊन बसवली.

तिथलं सगळ्यांत लाडकं भूत म्हणजे अ‍ॅनी नावाची लहान मुलगी. हे भूत किती जुनं असेल? १९९२ साली जपानहून एक बाई आल्या होत्या, भुताखेतांशी संवाद साधणाऱ्या. एका खोलीत त्यांना पाऊल टाकवेना. इथे एक मुलगी आहे, तिची बाहुली हरवलीय, असं त्यांनी सांगितलं आणि बाहेर जाऊन बाहुली विकत आणून ठेवली. मग येणारेजाणारेही खेळणी ठेवू लागले आणि तिथे ढीग साचला. जागा सतराव्या शतकातली, पण तिथलं भूत माझ्या पुस्तकांच्या कपाटापेक्षाही लहान.

मला यातली बाहुली फार महत्त्वाची वाटते. मोठ्यांच्या भुताला सूड हवा असतो, वारसा हवा असतो, गेला बाजार न्याय. अ‍ॅनीला हवंय ते चौदा वर्षांच्या पोराला आपल्या खिशातल्या पैशांत आणता येतं. किशोरांच्या चांगल्या भूतकथेत मागणी अशी आवाक्यातली असते. वाईट कथेत शेवटच्या पन्नास पानांत कुणीतरी जाडजूड पोथी काढतं, मंत्र म्हणतं आणि सगळ्याचा खुलासा होतो. तिथे मी पुस्तक मिटतो. चक्क मिटतो.

त्याच शहरात ग्रेफ्रायर्स नावाची दफनभूमी आहे. तिथे काही थडग्यांवर लोखंडी पिंजरे आहेत. पोरांना वाटतं, प्रेत उठून बाहेर येऊ नये म्हणून असतील. वाटणारच. खरं तर ते बाहेरच्यांसाठी होते. शरीरशास्त्र शिकवणाऱ्यांना विच्छेदनासाठी प्रेतं लागत, ती पुरी पडत नसत, त्यामुळे ताजी पुरलेली प्रेतं रातोरात उकरून विकली जात. पिंजरा त्या चोरांना अडवायला. वाचता वाचता पोरगं या पानावर थांबलं, तर ‘पुढे वाच’ म्हणू नका. भीती आत्ता कुठे भुताकडून माणसाकडे वळलेली असते.

१८२८ साली बर्क आणि हेअर या दोघांनी तर उकरण्याचेही कष्ट घेतले नाहीत. सोळा माणसं मारली आणि प्रेतं शरीरशास्त्र शिकवणाऱ्या डॉक्टर नॉक्स यांच्याकडे पोचवून पैसे घेतले. हेअर माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. बर्कला १८२९ च्या जानेवारीत फाशी झाली आणि त्याच्याच देहाचं विच्छेदन झालं. त्याचा सांगाडा अजून एडिंबरा विद्यापीठाच्या संग्रहालयात उभा आहे. त्याचं भूत कुठे उभं असतं, हे मात्र मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.