सोलापुरात घरच्या घरी सोयाबीनचं पनीर (निवेदन)

(दृश्य: बार्शी रोड, सोयाबीनची मळणी)

ऑक्टोबरमध्ये बार्शीकडे गेलात ना, तर जिकडं बघाल तिकडं सोयाबीनचे ढीग, मळणी मशीनचा आवाज, धुरळा, पोती भरतायत, ट्रॅक्टरमधून आडतीवर चाललीत, आणि आडतीवरनं पुढं ऑइल मिलला. तेल निघतं, उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आपल्या जिल्ह्यात खरिपाला एवढं पिकणारं हे धान्य आपल्या घरात येतं ते पिशवीतल्या तेलातून, नाहीतर पुलावात टाकायच्या वड्यांतून. बास.

२०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव होता क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे किलोला ५३ रुपयांच्या आसपास, आणि बाजारात शेतकऱ्याला बऱ्याचदा तेवढाही मिळत नाही. आता हे बघा, तुरीच्या डाळीत १०० ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रोटीन असतं आणि सोयाबीनमध्ये ३६ ते ४०. एवढं स्वस्त आणि एवढं ताकदीचं धान्य पिकवणाऱ्याच्याच ताटात नाही, हे मला मनापासून खटकतं, म्हणून आज आपण आलोय जुळे सोलापुरातल्या एका घरात. इथं सासूबाई आणि सूनबाई मिळून पाव किलो सोयाबीनचं पनीर करतायत, हॉटेलवाले ज्याला टोफू म्हणतात ते.

पण आधी एक सांगतो आणि हे नीट ऐका. शेतकरी घरात पेरणीच्या बियाण्याची अर्धी पिशवी उरलेली असते, दाणा चांगला टपोरा दिसतो, ते चुकूनसुद्धा वापरायचं नाही. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बऱ्याचदा रंगावरनं कळतं, पण धुऊन ते जात नाही. खायचं सोयाबीन वेगळं, मळणीतलं नाहीतर किराणा दुकानातलं, निवडून, खडे काढून घेतलेलं.

(दृश्य: पातेल्यात भिजलेले दाणे)

थंडीत रात्रभर, १०-१२ तास भिजवायचं. सोलापूरचा एप्रिल-मे असेल तर तेवढा वेळ बाहेर ठेवलं की पाणी आंबतं, फेस येतो, म्हणून सहा-सात तास पुरे आणि मधे एकदा पाणी बदलायचं. दाणा भिजलाय का कसं बघायचं? सासूबाईंनी एक दाणा नखानं दोन फाका केला, आतली बाजू सपाट आणि सगळीकडं एका रंगाची, मधे पिवळी खोलगट जागा नाही, म्हणजे झालं. मग हातानं चोळून सालं काढायची, पाण्यावर तरंगतात ती ओतून द्यायची, दहा-वीस राहिली तरी काही बिघडत नाही.

आता सोयाबीनबद्दल सगळ्यांची एकच तक्रार, वास येतो. कच्चट, हिरवट वास. हा वास दाण्यात आधीपासून नसतो बरं का, दाणा पाण्यात फुटला आणि हवा लागली की त्यातलं लायपॉक्सिजनेज नावाचं एन्झाइम तेलावर काम करायला लागतं आणि तिथं तो वास तयार होतो. त्यावर उपाय म्हणजे उष्णता. म्हणून इथं मिक्सरमध्ये गार पाणी घालतच नाहीत, चांगलं कढत पाणी घालतात, भांडं अर्धंच भरतात आणि झाकणावर फडकं धरून थांबत थांबत फिरवतात, नाहीतर वाफेनं झाकण उडतं. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनं एनआरसी १४२ सारखे वाण काढलेत ज्यात वास कमी येतो, पण आपल्याकडं शेतात असतं ते जेएस ३३५ नाहीतर राहुरी विद्यापीठाचं फुले संगम, त्यामुळं कढत पाणी हाच आपला मार्ग.

पाव किलो सोयाबीनला सगळं मिळून दोन लिटर पाणी धरा. वाटलेलं गाळायचं. सून म्हणाली, "आई, टॉवेल घेऊ का?" तर सासूबाई म्हणाल्या, "टॉवेल नको गं, त्याचे धागे सुटतात आणि निम्मं दूध तोच पितो, पंचा आण." पातळ सुती पंचा, स्वच्छ धुतलेला. त्यात घालून पिळायचं, चांगला जोर लावून. खाली दूध, पंचात चोथा. चोथा टाकायचा नाही, त्याचं पुढं सांगतो.

(दृश्य: गॅसवर मोठं पातेलं, फेस वर येतोय)

इथं लोक घाई करतात. हे दूध पटकन फेसाळतं, बघता बघता काठाला येतं आणि वाटतं उकळलं, पण ते अजून नीट तापलेलंसुद्धा नसतं, नुसता फेस असतो. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर असतो, तो पोटात प्रोटीन पचू देत नाही, म्हणून गॅस बारीक करून, तळाला लागू नये म्हणून ढवळत, खरी उकळी आल्यावर पुढं १०-१५ मिनिटं उकळायलाच पाहिजे. पातेलं दुधाच्या तिप्पट मोठं घ्या.

मग गॅस बंद करून पाच मिनिटं थांबायचं, थर्मामीटर असेल तर ८० अंशाच्या जवळ आलं पाहिजे. दोन मोठ्या लिंबांचा रस अर्ध्या वाटी पाण्यात, आणि तो एकदम ओतायचा नाही, तीन वेळा थोडा थोडा, दर वेळी पळी हलक्या हातानं फक्त एकदा फिरवायची. चीनमध्ये यासाठी जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट वापरतात, जपानमध्ये मिठागराच्या पाण्यातून मिळणारी निगारी, त्याचं पनीर मऊ आणि गुळगुळीत होतं, लिंबाचं जरा रवाळ होतं. तो फरक आहे आणि तो मान्य करायचा. कॅल्शियमसुद्धा जिप्समच्या पनीरमध्ये जास्त, लिंबाच्या कमी.

झाकून १५ मिनिटं. झाकण काढलं की बघा, पांढऱ्या गुठळ्या आणि मधे पिवळसर स्वच्छ पाणी. पाणी अजून दुधाळ असेल तर चमचाभर रस आणखी, जास्त नको, नाहीतर पनीर भुगा होतं आणि आंबट लागतं. सोयाबीननं पोटात वारा धरतो म्हणतात ना, तो ज्या साखरेमुळं धरतो ती बरीचशी या पाण्यात निघून जाते, म्हणून ते पाणी ओतून द्यायचं.

चाळणीत पंचा पसरून गुठळ्या पळीनं उचलून घालायच्या, दुमडायचं, वर ताटली आणि ताटलीवर बत्ता आडवा. अर्धा तास. पाव किलोचं ३०० ते ४०० ग्रॅम निघतं, किती दाबलं त्यावर आहे. गार पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला, तीन दिवसांत संपवा.

ज्यांची थायरॉईडची गोळी चालू आहे त्यांनी गोळी आणि सोयाबीन यात चार तासांचं अंतर ठेवा आणि डॉक्टरांना विचारा, ज्यांना सोयाबीनची ॲलर्जी आहे त्यांनी खाऊच नका.

चव नाही म्हणणाऱ्यांना या घरातलं उत्तर एकदम सोपं आहे. लोखंडी तव्यावर तेल, पनीरचे चौकोन दोन्ही बाजूंनी लालसर, मीठ, आणि गॅस बंद केल्यावर वरून मूठभर शेंगा चटणी, म्हणजे शेंगदाणा-लसणाची चटणी. गॅस चालू असताना चटणी घातली की लसूण करपतो. बरोबर कडक भाकरी. लई भारी लागतं, खरंच सांगतो.

आणि चोथा. आपण दूध आधी गाळून मग उकळलं, म्हणजे चोथा कच्चाच राहिलाय, तो तसाच पिठात घालू नका, आधी कुकरला तीन शिट्ट्या. मग ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, कांदा, कोथिंबीर, काळा तिखट मसाला, आणि ओल्या कापडावर थापून धपाटे. उन्हाळ्यात हा चोथा संध्याकाळपर्यंत आंबतो, त्यामुळं या घरात सकाळी पनीर लावलं की दुपारच्या जेवणाला धपाटेच.