फ्रीजचा ट्रे, दोन डबे आणि बाईंची मान

(स्वयंपाकघराचा ओटा. हातांचे क्लोजअप.)

हा फ्रीजमधला ट्रे. आरपार दिसतो म्हणून निवडलेला. एका बाजूला कणकेचा डबा, दुसरीकडे तूरडाळीचा. वर ट्रे आडवा, ट्रेवर मोबाईल आणि त्याच्या कॅमेऱ्याला दिसेल अशी खाली वही. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गणिताच्या बाई टाळेबंदीतल्या ऑनलाइन तासांची ही मांडामांड आपल्यासाठी पुन्हा करून दाखवताहेत. समोरून वाकलं तर वहीवर सावली पडते. म्हणून ट्रेखाली हात सरकवून, मान डावीकडे कलती करून लिहायचं. बघा, अशी.

मार्च 2020मध्ये शाळांना कुलपं लागली आणि जूनमध्ये नवं वर्ष मोबाईलवरच सुरू झालं. त्याच जूनमध्ये पुण्यातल्या एका रसायनशास्त्राच्या शिक्षिकेचा फोटो देशभर फिरला. कपड्यांच्या हँगरला मोबाईल अडकवलेला, हँगर खुर्चीला चिंध्यांनी बांधलेला आणि समोर फळा. जुगाडाचं कौतुक खूप झालं. झालंच पाहिजे. पण त्या बाई फळ्यापाशी निदान उभ्या तरी होत्या.

(वर्ग. फळा.)

वर्गात शिकवणारं शरीर सारखं हलत असतं. लिहिताना हात खांद्याच्या वर जातो, पुसताना कंबर वळते, मागच्या बाकावर गडबड झाली की तिथवर फेरी होते.

(लॅपटॉप, बाजूने.)

आणि हा लॅपटॉप. पडदा आणि कीबोर्ड एकाच बिजागरीला. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात अधांतरी, हात टेकवले तर मान खाली. डोक्याचं वजन साधारण पाच किलो. 2014मध्ये अमेरिकेतले मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी संगणकावर हिशेब मांडला. मान 15 अंश झुकली की मानेवरचा भार 12 किलो होतो, 60 अंशांत 27. माणसांवर मोजलेले आकडे नाहीत हे, पण मानेमागचे स्नायू तासभर तो भार तोलून आखडतात, हे कुठलाही फिजिओथेरपिस्ट बोटाने दाबून दाखवेल.

जुलै 2020मध्ये केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचना आल्या. पहिली ते आठवीला दिवसाला 30 ते 45 मिनिटांची दोनच सत्रं. मर्यादा मुलांच्या वेळेला होती, बाईंच्या नाही. बाईंकडे सहावी, सातवी, आठवी, तिन्ही वर्गांचे तास. शिवाय रात्री व्हॉट्सॲपवर आलेले गृहपाठाचे फोटो, तेही अंथरुणात, भिंतीला उशी लावून.

मान धरली, खांदा आखडला, बोटांना मुंग्या आल्या. बाम चोळून तास घेतले.

(फिजिओथेरपीची खोली.)

आता हा व्यायाम. हनुवटी वर न उचलता सरळ मागे घ्यायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची. बाईंची हनुवटी दर वेळी वर जाते आणि फिजिओथेरपिस्ट मॅडम दर वेळी बोट लावून खाली आणतात.

(शाळेचं कार्यालय.)

शाळा भरते, तरी पडदा सुटलेला नाही. यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी नोंदणीची माहिती याच लॅपटॉपवर भरली जाते, तीही प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून. लॅपटॉपखाली जाडजूड रजिस्टरं रचली आणि वेगळा कीबोर्ड जोडला की मान सरळ होते. कीबोर्ड चार-पाचशे रुपयांत येतो. शाळेच्या संयुक्त अनुदानातून खडू येतात, रजिस्टरं येतात. त्याच यादीत एक कीबोर्ड आणि पाठीला टेकण असलेली एक खुर्ची लिहायला काय हरकत आहे?