हात कापतो, तो कुठून?

नमस्कार मंडळी. कापसाचा दुसरा वेचा आटोपून कुणी घरी टेकलं असेल, कुणी चुलीपाशी असेल. हातातलं काम चालू ठेवूनच ऐका.

मी नागपुरात ईईजी काढते, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख. टोपीएवढ्या जागेत एकवीस तारा चिकटवायच्या आणि कागदावर उमटतं ते पाहायचं. खेड्यातून आलेला माणूस खुर्चीवर बसला की पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, करंट देता का?" नाही हो, देत नाही. आम्ही फक्त ऐकतो. टॉर्चच्या एका सेलमध्ये दीड व्होल्ट असतात. डोक्याच्या कातडीवर पोचणारी लहर त्याच्या तीस हजाराव्या भागाएवढी. ती टिपायची म्हणून तर सांगतो, केस धुऊन या, तेल लावू नका. तरी दहातले चार जण चपचपीत तेल थापूनच येतात. दवाखान्यात जायचं म्हणून नीटनेटकं!

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एक बाई आली होती, चाळिशीच्या आतली. बोटं सारखी बारीक थरथरत होती. म्हणाली, "ताई, चहाची बशी तोंडापाशी नेली का सांडते. माहा हात माहं आयकत नाई." कापूस वेचताना बोंडाची टोकं बोटात रुतायची. रात्री एकदोनदा फिटही येऊन गेली होती. वडिलांचे हात असेच कापायचे, मोठ्या भावाचेही कापतात. भावाबद्दल गावाचा निकाल होता, दारू. तिच्याबद्दल, बाहेरचं काहीतरी लागलंय.

हात कापण्याची कारणं पुष्कळ असतात. थायरॉइड, काही औषधं, पार्किन्सन, वयाप्रमाणे येणारा कंप. पण एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या बारीक कंप आणि क्वचित फिट असं दिसलं की डॉक्टरांच्या मनात एक दुर्मिळ आनुवंशिक आजार येतो. फॅमिलियल कॉर्टिकल मायोक्लोनिक ट्रेमर विथ एपिलेप्सी. हे नाव एका दमात म्हणणाऱ्याला माझ्याकडून चहा. जपानमध्ये अशी घराणी बरीच सापडली, दक्षिण भारतातही आहेत. त्यांतल्या अनेकांत 8 व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात डीएनएच्या अक्षरांचा एक छोटा तुकडा शेकडो वेळा जास्तीचा शिरलेला असतो, हे 2018 साली जपानी संशोधकांनी दाखवलं. आईला किंवा बापाला आजार असेल तर प्रत्येक लेकराला तो येण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी.

आता गंमत अशी की हा दिसतो कंप, पण असतात ते झटके. इवले इवले, एकामागून एक. आणि ते निघतात मेंदूच्या वरच्या थरातून. हे सिद्ध कसं करायचं? साध्या ईईजीत तो इशारा इतर लहरींच्या गर्दीत हरवतो. पत्र्यावर पाऊस कोसळतोय आणि पलीकडच्या देवळात टाळ वाजतोय, तसं. एक ठोका कानावर येत नाही. पण पाऊस कसाही पडतो, टाळ मात्र आपल्या जागीच पडतो.

म्हणून हातावरही तारा लावायच्या. स्नायूचा प्रत्येक झटका पकडायचा आणि त्याच्या अगदी आधीचा मेंदूचा तुकडा कापून घ्यायचा. असे शंभर तुकडे एकावर एक रचून सरासरी काढली की पाऊस दहापटीनं ओसरतो आणि टाळ उरतो. जपानचे शिबासाकी आणि कुरोइवा यांनी 1975 साली ही रीत मांडली. उजवा हात हलण्याआधी, सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग आधी, डाव्या मेंदूवर एक टोकदार लहर उठलेली दिसते. मेंदूतून हातापर्यंत निरोप पोचायला तेवढाच वेळ लागतो.

त्या बाईच्या वेळी आम्हाला पाऊण तास लागला. हात पुढे धरून तिचे खांदे भरून आले. मग पडद्यावर ती लहर उभी राहिली. मी इतकी वर्षं हे बघतेय, पण तेव्हा अंगावर काटा येतोच.

याचा उपयोग काय, तर औषध बदलतं. वयाच्या कंपाची गोळी इथं पुरत नाही, फिटची काही औषधं लागतात. आणि फिटच्याच दुसऱ्या काही औषधांनी असे झटके उलट वाढतात. तेव्हा शेजाऱ्याच्या गोळ्या मागून घेऊ नका, आणि चालू असलेली मनानं बंद करू नका. घरात आणखी कुणाचे हात कापत असतील तर डॉक्टरांना ते आधी सांगा. लाजेपायी लोक नेमकं तेच लपवतात.

महिनाभरानं तिचा भाऊ आला. केस धुऊन, बिनतेलाचा. बहिणीनं बजावलं होतं म्हणे. त्याच्याही आलेखात तीच लहर. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, याचा कागद भेटंल का? सासऱ्याले दाखवाचा हाय."

दोन प्रती काढून दिल्या.