कैरोत जेवायला बाहेर पडा

मंडळी, इजिप्तला निघालेली आपली माणसं हटकून विचारतात, ‘तिथं शाकाहारी माणसाचं कसं व्हायचं?’ मग सहल कंपनी रोज रात्री भारतीय हॉटेलात नेते आणि लोक पनीर खाऊन परत येतात. मला याचं फार वाईट वाटतं. कारण कैरोतला कामकरी माणूस पोट भरतो ते मुख्यतः कडधान्यावर आणि रोटीवर. मांस तिथंही महागच.

सकाळी हॉटेलातला नाश्ता एक दिवस सोडा आणि गल्लीतल्या ‘फुल’च्या, म्हणजे शिजवलेल्या बाकल्याच्या गाडीवर जा. बाकल्याचे (वालासारख्या फावा बीनचे) वाळके दाणे अरुंद तोंडाच्या मोठ्या हंड्यात रात्रभर मंद आचेवर शिजतात. सकाळी त्यात तेल, जिरेपूड, लिंबू घालतात आणि कोंडा लागलेल्या गरम ऐश बलदी रोटीबरोबर देतात. सोबत तामेया घ्या, म्हणजे इथलं फलाफल, वाटलेल्या दाण्यांचे तळलेले वडे. इतर अरब देशांत फलाफल हरभऱ्याचं असतं. इथं तेही बाकल्याचंच, आणि कोथिंबीर-पार्सलीमुळे आतून हिरवंगार. मात्र घरात कुणाला जी-सिक्स-पी-डी या रक्तपेशींतल्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असेल, तर त्यांनी बाकल्याला हात लावू नये. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्रास गंभीर होऊ शकतो.

दुपारी कोशरी. भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा. टेबलावर लसूण-व्हिनेगरचं पाणी आणि शत्ता नावाची जहाल चटणी असते. शत्ता थेंबाथेंबानं घ्या. कोशरीचं मूळ आपल्या खिचडीत असावं, ब्रिटिश फौजेतल्या भारतीय सैनिकांबरोबर ती तिथं गेली असावी, असं बरेच जण मानतात. मॅकरोनी इटालियन वस्तीची देणगी समजतात. मध्य कैरोतलं अबू तारिक प्रसिद्ध आहे, पण गर्दी असलेलं कुठलंही दुकान चालेल. गर्दी असली की माल ताजा.

आता एक शब्द पाठ करा: ‘सियामी’. इजिप्तमधले कॉप्टिक पंथाचे ख्रिस्ती लोक वर्षातले दोनशेहून अधिक दिवस उपास पाळतात, आणि त्या जेवणात मांस, दूध, अंडी नसतात. ‘सियामी आहे का?’ विचारलंत की बहुतेकांना कळतं. मुलुखिया ही बुळबुळीत पालेभाजी मात्र सहसा कोंबडीच्या किंवा सशाच्या रश्शात शिजते, तेव्हा आधी विचारा. कच्ची कोशिंबीर टाळा, पाणी बाटलीचंच प्या.

मोठ्या हॉटेलात बिलावर साधारण १२ टक्के सेवाशुल्क आणि १४ टक्के कर चढतो. तरी वाढप्याच्या हातावर थोडं ठेवायची रीत आहे.

रमजानात जात असाल तर दिवसा बऱ्याच खाणावळी बंद मिळतील. सूर्यास्तानंतर शहर जेवायला बसतं आणि रस्ते उशिरापर्यंत गजबजलेले असतात. अशा वेळी रात्रीचा कार्यक्रम मोकळा ठेवा आणि कताएफ शोधा: सुकामेवा भरून तळलेल्या, पाकात बुडवलेल्या छोट्या घड्या. त्या मुख्यतः याच महिन्यात करतात.