हाताला आधी तेल

नमस्कार श्रोतेहो. आज कावेरीकाठी जाऊ या, तंजावरच्या बाजूला. तिथे १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं, त्यामुळे आपली मंडळी तिकडे गेली की आधी सांबाराला नाव कुणावरून पडलं यावर वाद घालतात. घाला बापडे! पण पानात बाकी काय वाढलंय तेही बघा की.

तिकडच्या खेड्यात औषधी पाला स्वयंपाकातच असतो. पावसाळ्यात आपल्या कुंपणावर चढते ती कपाळफोडी, फुग्यासारख्या फळाची, ती तिकडे मुडक्कत्तान. तिची पानं तांदळाबरोबर वाटून दोसे घालतात आणि सांधे धरलेल्या म्हाताऱ्यांना आग्रहानं वाढतात. खोकला झाला की काटेरी तूदुवळैचं रस्सम. कडुनिंबाचा वाळवलेला मोहर तुपात परतून, तोही रस्सममध्ये. आणि आपल्याकडे हॉटेलात वाटीभर गोडसर लाल पाणी देतात ना, ते रस्सम नव्हे. असो.

मला सांगायचंय ते कांडवेलीचं. चौकोनी हिरवी कांडी, पेराला पेर जोडलेलं. कुणी हाडसांधी म्हणतं. तमिळमध्ये पिरंडै.

कुंभकोणमजवळच्या एका खेड्यात मैत्रिणीच्या आजीकडे गेले होते. आजीला तिकडे पाटी म्हणतात. तर पाटी पाट्याशी बसल्या होत्या, आणि मला पाहुणी म्हणून नुसतं बसवेना. परसात गेले, कुंपणावरची कांडवेल मूठभर तोडून आणली आणि सोलायला बसले. गवारीच्या शिरा काढतो तसे कडांचे दोरे ओढायचे, त्यात काय मोठंसं! पाच मिनिटांत बोटांच्या बेचक्यात अशी खाज सुटली म्हणता! हात साडीला पुसतेय, पाण्यात बुडवतेय, काही उपयोग नाही.

पाटींनी मान वर केली. ‘‘कै अरिक्कुदा?’’ मला तमिळ ओ की ठो येत नाही, पण हा प्रश्न बरोब्बर कळला. त्यांनी तिळाच्या तेलाची वाटी ओढली आणि माझे हात कोपरापर्यंत चोळून काढले. मग माझी निम्मी कांडी उचलून गाईपुढे नाही, उकिरड्यावर टाकली. जून होती. शेंड्याची दोन-तीन पेरं, नखानं कचकन मोडतील तेवढीच घ्यायची.

आणि तेलकट हात धरून मी बसले असताना त्यांनी गोष्ट सांगितली. मैत्रीण मध्ये बसून मराठी करत होती. वसिष्ठांनी विश्वामित्रांना श्राद्धाला बोलावलं. विश्वामित्र म्हणाले, एक हजार आठ भाज्या असतील तर येतो. अरुंधतीनं पान वाढलं. पाटी बोटांवर मोजत म्हणाल्या, ‘‘पागर्काय नूरु, पिरंडै मुन्नूरु, पला अरुनूरु.’’ कारलं शंभर भाज्यांच्या बरोबरीचं, पिरंडै तीनशेंच्या, फणस सहाशेंच्या. मी मनात बेरीज केली. हजार झाले. म्हटलं, वरच्या आठ?

पाटी म्हणाल्या, ‘‘त्या आठ काय, कुणीही करील.’’

म्हणून तिकडे कित्येक घरांत श्राद्धाच्या पानात पिरंडैची चटणी लागते. करायची कशी? पेरांच्या गाठी काढून टाका, दोरे काढा, तुकडे तिळाच्या तेलात हिरवा रंग जाईपर्यंत परता. कच्चट राहिली की घसा खवखवलाच. उडदाची डाळ, लाल मिरच्या, हिंग परतायचे, आणि चिंच. अळूला चिंच का घालतो ते तुम्हाला मी सांगायला नको, इथेही तेच. मग वाटायचं, जाडसर. मिक्सरला लावाल तर चिखल होईल, माझं मत आहे, रागावू नका. गरम भात, वर तिळाचं तेल, आणि ही चटणी.

पुन्हा सांगते: पेरं कोवळी, हाताला आधी तेल, आणि चिंच विसरायची नाही. पेरं कोवळी, हाताला तेल, चिंच.

कांडवेलीच्या आता गोळ्याही मिळतात म्हणे. घ्यायच्या तर डॉक्टरांना विचारून घ्या. मी आपली चटणीचं बोलतेय.

निघताना पाटींनी एक कांडी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली होती. ती पिशवीच्या तळाशी आठ दिवस विसरले, तरी हिरवीच! कुंडीत खोचली, आता गॅलरीच्या गजांवर चढलीय. परवा शेंड्याला तीन पेरं नवी दिसली. उद्या सकाळी खुडणार आहे. तेलाची वाटी आत्ताच काढून ठेवलीय.