पेंचजवळचं घर, लकडगंजची दारं

नागपूरच्या लकडगंजात सकाळपासून आरा मशीनचा आवाज घुमतो. इथल्या एका सुतारखान्यात सध्या काम चाललंय ते शहरापासून दूर, पेंचच्या जंगलालगत उभ्या राहणाऱ्या घराच्या दारा-खिडक्यांचं. आर्किटेक्टने खिडक्या जमिनीपासून थेट छतापर्यंत काढल्यात. बाजारातलं एकही तयार माप त्यांना चालत नाही.

लाकूड सागाचं, बल्लारशाच्या वनआगारातून घेतलेलं. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं, तेही बल्लारशाहूनच. पण साग कितीही अस्सल असो, त्याला विदर्भाची हवा सोसावी लागतेच. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत; ऑगस्टमध्ये सगळीकडे ओल. या दोन टोकांत फूटभर रुंदीची फळीसुद्धा दोन-तीन मिलिमीटर कमी-जास्त होते. लांबीत फरक जवळपास पडत नाही, पडतो तो रुंदीत.

नागपुरात पावसाळ्यात दार अडकलं, की सुतार येतो, रंधा मारतो, काम होतं. जंगलाच्या कडेला रंधा मारायला कोण जाणार? म्हणून जे सांभाळायचं ते इथेच.

दाराचा हा पल्ला, म्हणजे उघडझाप होणारा भाग, जवळून पाहा. चारही बाजूंच्या पट्ट्या एकमेकींत कुसू (पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ) घालून घट्ट बसवल्यात. मधली फळी मात्र नुसती खाचेत सरकवली आहे. तिला ना खिळा, ना गोंद. फुगायला आणि आकसायला तिला दोन्हीकडे जागा ठेवली आहे. तीच खिळ्यांनी जखडली असती, तर उन्हाळ्यात उभी तडकली असती.

आता पल्ल्याची खालची कड. दार बसल्यावर ती कुणाला दिसत नाही, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी पॉलिश न करताच सोडतात. उंबरठ्यावर साचलेलं पाणी नेमकं तिथूनच लाकडात चढतं. इथे आधी तिलाच तेल पाजतात, मग दर्शनी बाजूला. मला या कारागिरांची खरी परीक्षा इथेच वाटते.

चौकटी आधी साइटवर जातात. त्या भिंतीत बसल्या, की मिस्त्री स्वतः जाऊन प्रत्येकीचे दोन्ही कर्ण मोजतो. नकाशात काटकोन असतो, बांधलेल्या भिंतीत तो असेलच असं नाही. पल्ल्यांची शेवटची कापणी या मापांवर होते. तयार झालेले पल्लेही प्लास्टर वाळेपर्यंत लकडगंजातून हलत नाहीत. कारण ओल्या भिंतींच्या घरात चार दिवस ठेवले, तरी ते ओल ओढून घेतील.