नेट आणि एलेना: लग्न दिसत नाही, भांडी घासायची पैज दिसते

अनचार्टेड या खजिनाशोधाच्या व्हिडिओ गेम सिरीजमधल्या चारही मुख्य गेम्सचे शेवट या व्हिडिओत येणार आहेत, तेव्हा खेळायचे राहिले असतील तर आधी खेळून या, खरंच.

२००७ सालचा पहिला गेम. पनामाजवळ समुद्रात एक बोट, खजिने शोधणारा नेथन ड्रेक, म्हणजे आपला नेट, सोळाव्या शतकातल्या इंग्रज दर्यावर्दी सर फ्रान्सिस ड्रेकची शवपेटी पाण्यातून वर काढतोय आणि एलेना फिशर कॅमेरा घेऊन शूट करतेय, कारण मोहिमेचा खर्च तिच्या टीव्ही शोचा आहे. पेटी उघडते, आत एक डायरी निघते, आणि नेट ती डायरी तिला बघूच देत नाही. पुढे बंदरावर ती फोनवर बोलत असते तेव्हा तो आणि त्याचा जुना साथीदार सली तिला तिथेच सोडून गुपचूप निघून जातात. ती त्यांच्या मागावर येते, आणि नंतर भेटल्यावर आधी त्याला एक ठोसा लगावते, मग बोलते.

म्हणजे या नात्याची सुरुवातच लपवाछपवीने झालीये. आणि माझं म्हणणं असं आहे की चारही गेम्समधली लव्हस्टोरी म्हणजे हा माणूस एलेनाशी खरं बोलायला कधी शिकतो याचीच गोष्ट आहे, खजिने येतात आणि जातात.

२००९. दुसरा गेम, नेपाळ. आता नेटसोबत त्याची जुनी प्रेयसी क्लोई फ्रेझर आहे, आणि एलेना पत्रकार म्हणून लाझारेविच नावाच्या युद्धगुन्हेगाराच्या मागावर आलीये. लव्ह ट्रँगल म्हणून हे सहज स्वस्तात उरकता आलं असतं. पण तिचा कॅमेरामन जेफ जखमी होतो, क्लोई म्हणते त्याला सोडा, एलेना ऐकत नाही, आणि त्याला खांद्याचा आधार देऊन आपल्याला, म्हणजे खेळणाऱ्याला, गल्ल्यागल्ल्यांतून चालावं लागतं, वेग मंदावलेला, समोरून गोळीबार चालू. जेफ वाचत नाही. पण नेट या बाईकडे परत परत का ओढला जातो ते त्या काही मिनिटांत हातातल्या कंट्रोलरमधून कळतं, त्यासाठी वेगळा डायलॉग लागत नाही.

शेवटी ती स्वतः मरता मरता वाचते, आणि मग तो सीन, मी मरेन याची तुला दहापैकी किती भीती वाटली, ती विचारते. तो म्हणतो चार. मग दहा कशाला देशील, ती विचारते. तो म्हणतो, जोकरांना! अख्ख्या सिरीजमधलं माझं सगळ्यात आवडतं संभाषण. नेट आणि एलेनाला आवाज देणाऱ्या नोलन नॉर्थ आणि एमिली रोझ यांच्या आवाजातली ती सहजता ऐका, दोघं एकमेकांना खरोखर चिडवतायत असंच वाटतं.

२०११. तिसरा गेम, येमेन. आता बघा हं, दोन गेम्सच्या मधल्या काळात यांचं लग्न झालंय आणि ते वेगळेही राहायला लागलेत, आणि यातलं काहीही आपल्याला दाखवलेलं नाही! फक्त तिच्या बोटातली अंगठी दिसते. नेटचं लक्ष जातं, तो विचारतो, ती म्हणते या भागात अंगठी असलेली बरी पडते. बास. मला हे फार धाडसाचं वाटतं, दुसऱ्या कुणी लग्नाचा भव्य सीन केला असता. पुढे तो सगळीकडून हरून तिच्या दारात येतो आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपतो. तिथे तो पहिल्यांदा काहीच लपवत नाही, अर्थात लपवायची ताकदच उरलेली नसते.

आणि मग २०१६, चौथा गेम. नेटकडे रीतसर नोकरी आहे, एलेना लेख लिहिते, जेवण झाल्यावर दोघं जुन्या प्लेस्टेशनवर क्रॅश बँडिकूट खेळतात, हरेल त्याने भांडी घासायची. इतका साधा, इतका प्रेमाचा सीन ॲक्शन गेममध्ये मी दुसरा बघितलेला नाही. त्यानंतर मेलाय असं समजलेला भाऊ सॅम परत येतो, नेट त्याच्यासोबत खजिन्याच्या शोधात निघतो आणि बायकोला मात्र सांगतो की मलेशियाला कामाला जातोय. एलेना मादागास्करमध्ये थेट त्याच्या हॉटेलच्या खोलीवर पोचते, तेव्हा नवऱ्याला एक भाऊ आहे हेही तिला तिथेच कळतं. ती आरडाओरडा करत नाही, निघून जाते, आणि ते जास्त लागतं.

लेखकांची कमाल पुढे आहे. सॅमनेही नेटशी खोटंच बोललेलं असतं, म्हणजे नेटला स्वतःचीच गोष्ट उलट बाजूने भोगावी लागते, आणि त्यानंतरच एलेना त्याला वाचवायला येते. तो तिला लहानपणापासूनचं सगळं सांगतो. मग पुढचा अख्खा चॅप्टर दोघं लिबर्टालियाच्या, म्हणजे समुद्री चाच्यांच्या जुन्या वसाहतीच्या, जंगलातून चालतात, सुरुवातीला ती कामापुरतंच बोलते, चढायला हात देते, बास, आणि हळूहळू दोघं मोकळेपणाने बोलायला लागतात. इथे कुणी कुणाला एका मिठीत माफ करत नाही, माफी चालता चालता येते, आणि ती चाल आपल्यालाच चालायची असते.

त्यानंतर एलेना नेट काम करायचा ती कंपनीच विकत घेते, परमिट काढून कायदेशीर शोध घ्यायचे आणि तिचा जुना शो परत सुरू करायचा. एपिलॉगमध्ये काही वर्षं गेलेली असतात आणि आपण खेळतो ते त्यांची मुलगी कॅसी म्हणून. तिला आईबाबांचं कपाट उघडं सापडतं, आत जुने फोटो, नकाशे, वस्तू. ती विचारते हे काय आहे, नेट आधी टाळाटाळ करतो, मग दोघं तिला पहिल्यापासून सगळं सांगायला घेतात.